आयसीएमआरकडे अर्ज करायचाय? आधी कोणतं टेबल कशाचं ते समजून घ्या

मेडिकल कॉलेजात दरवर्षी एकच प्रश्न कानावर येतो: "आयसीएमआरला पाठवायचंय, काय काय लागेल?" आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद. विचारणारा कधी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असतो, कधी नुकताच रुजू झालेला सहायक प्राध्यापक, कधी गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता. तिघांना उत्तरं वेगळी द्यावी लागतात, कारण तिघांचे अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर जातात. पण एक गोष्ट तिघांनाही लागू आहे. महत्त्वाचे बरेचसे कागद दिल्लीत नाही, आपल्याच संस्थेत तयार व्हायचे असतात, आणि घोडं अडतं ते बहुधा तिथेच.

दिल्लीत कोण काय बघतं

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९११ मध्ये 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' या नावाने सुरू झाली. आजचं नाव तिला १९४९ मध्ये मिळालं. ही मंत्रालयाची शाखा नाही, सरकारी पैशावर चालणारी स्वायत्त संस्था आहे. तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष केंद्रीय आरोग्यमंत्री असतात. कोणत्या विषयांवर भर द्यायचा याचा शास्त्रीय सल्ला वैज्ञानिक सल्लागार मंडळ देतं. रोजचा कारभार महासंचालकांकडे.

हे महासंचालकच केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाचे, म्हणजे डीएचआरचे, सचिवही असतात. हा विभाग २००७ मध्ये निघाला. माणूस एक आणि खुर्च्या दोन, त्यामुळे बाहेरच्यांचा हमखास गोंधळ होतो. मेडिकल कॉलेजातलं मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट, ग्रामीण भागातलं मॉडेल रूरल हेल्थ रिसर्च युनिट, विषाणू निदानाच्या व्हीआरडीएल प्रयोगशाळा या योजना डीएचआरच्या. संशोधन प्रकल्पांना अनुदान, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि स्वतःच्या संशोधन संस्था चालवणं हे आयसीएमआरचं. जाहिरात वाचताना वर कोणाचं नाव आहे ते आधी बघा. एकाच्या नमुन्यात भरलेला अर्ज दुसऱ्याकडे चालत नाही.

अन्सारीनगरच्या मुख्यालयात महासंचालकांच्या हाताखाली दोन बाजू आहेत. एका बाजूला शास्त्रीय विभाग: संसर्गजन्य आजार, असंसर्गजन्य आजार, प्रजनन-बालआरोग्य-पोषण वगैरे. प्रत्येक विभागात शास्त्रज्ञ असतात आणि तुमच्या प्रकल्पाची फाईल त्यांच्यापैकी एकाकडे असते. त्याला प्रोग्रॅम ऑफिसर म्हणतात. प्रस्ताव कुठवर आला, तज्ज्ञांनी काय शेरे मारले, हप्ता का थांबला, हे विचारायचं ते यालाच. महासंचालकांच्या कार्यालयात फोन लावून काही हाती लागत नाही. दुसऱ्या बाजूला प्रशासन आणि वित्त. शास्त्रीय समितीने पसंत केलेल्या प्रस्तावालाही वित्त शाखेची सहमती लागते, मगच मंजुरीपत्र निघतं. म्हणून 'सिलेक्ट झालं' आणि 'पैसे आले' यांत काही महिने जातात. तोवर माणसं नेमू नका, यंत्राची ऑर्डर देऊ नका.

परिषदेच्या देशभरात पंचवीसहून अधिक संस्था आहेत. आपल्याकडच्या म्हणाल तर पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. ती १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. भोसरीत एड्सवरच्या संशोधनासाठी निघालेली, अजूनही 'नारी' म्हणूनच ओळखली जाणारी संस्था आहे. परळला प्रजनन आरोग्याची संस्था आणि केईएमच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी एनआयआयएच. सीमेपलीकडे बेळगावात पारंपरिक औषधांवरची संस्था. या संस्थांना स्वतःचे संचालक, स्वतःचं प्रशासन आणि स्वतःच्या भरतीच्या जाहिराती असतात. एनआयव्हीतल्या प्रकल्पात नोकरी हवी तर अर्ज पुण्यात, दिल्लीत नाही.

आधी एथिक्स कमिटी

माणसांवरचं कोणतंही संशोधन, अगदी प्रश्नावली भरून घेण्याचं असलं तरी, संस्थेच्या नीतिमत्ता समितीपुढे जातं. समितीचे नियम परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आणि २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत आहेत. किमान ७ सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच आणि सदस्य-सचिव संस्थेतला. सदस्यांत एक कायद्याची जाण असलेला आणि एक सामान्य नागरिक हवाच. बैठकीला किमान ५ जण हजर नसतील तर तो निर्णय धरला जात नाही.

तुमच्या कॉलेजची समिती नोंदवलेली आहे का, हे आधी तपासा. औषधांच्या चाचण्या तपासणारी समिती औषध नियंत्रकांकडे, म्हणजे सीडीएससीओकडे, नोंदवावी लागते. बाकीचं आरोग्य संशोधन तपासायचं असेल तर डीएचआरकडे. दोन्ही प्रकारचं काम होत असेल तर दोन्हीकडे. नोंदणीला मुदत असते. मुदत संपलेल्या समितीचं मंजुरीपत्र जोडलं तर पुढचे सगळे कागद नीट असूनही अर्ज लटकतो. सदस्य-सचिवांकडून नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून घ्या. लाजायचं कारण नाही.

समिती सगळ्यात बारकाईने बघते ते माहितीपत्रक आणि संमतीपत्रक. हे दोन वेगळे भाग आहेत आणि दोन्ही सहभागी माणसाच्या भाषेत लागतात. मराठी मसुदा इंग्रजीवरून ओढूनताणून केलेला असला की सामान्य नागरिक सदस्य बोट ठेवतोच. "५ मिली शिरारक्त संकलित केले जाईल" असं लिहिण्यापेक्षा "हातातून साधारण एक चमचा रक्त काढू, सुई टोचताना थोडं दुखेल" असं लिहा. रक्त किती दिवस ठेवणार, तपासणीचा निकाल त्या माणसाला कळवणार का, मधेच नाही म्हटलं तर दवाखान्यातल्या उपचारांवर परिणाम होईल का, या तीन प्रश्नांची उत्तरं पत्रकात नसतील तर दुरुस्तीसाठी परत येणार हे धरून चाला. सही येत नसलेल्यांसाठी अंगठ्याची जागा आणि शेजारी निष्पक्ष साक्षीदाराची सही ठेवा. साक्षीदाराला लिहिता-वाचता यायला हवं आणि तो संशोधकांच्या गटातला नसावा. धडगाव-अक्कलकुव्याला काम असेल तर प्रमाण मराठी पत्रक पुरेसं नाही. तिथली बोली बोलणारा माणूस पत्रक वाचून दाखवेल, हेही प्रस्तावात लिहा.

मंजुरीपत्रावर समितीचं नाव, बैठकीची तारीख, हजर सदस्य, तपासलेल्या कागदांच्या आवृत्त्या आणि सही-शिक्का असावा. 'मंजूर' एवढंच लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र घेऊन घरी जाऊ नका.

विद्यार्थ्यांसाठी: एसटीएस

शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे एसटीएस, ही आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची संशोधन शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएस आणि बीडीएसचे विद्यार्थी यासाठी पात्र. इंटर्न आणि पदव्युत्तर विद्यार्थी नाहीत. संशोधन दोन महिन्यांत संपेल एवढंच घ्यायचं. मानधन सध्या ५०,००० रुपये आहे, पण ते हाती पडतं अहवाल मान्य झाल्यावर, आधी नाही.

गाईड कॉलेजातला पूर्णवेळ शिक्षक असावा लागतो आणि एका गाईडकडे एकच विद्यार्थी. म्हणून वर्गातल्या हुशार मुलांनी लोकप्रिय सर आधीच पटकावलेले असतात. माझं मत विचाराल तर नावाजलेल्या प्राध्यापकापेक्षा सोमवारी पाठवलेला मसुदा बुधवारी वाचून परत देणारा गाईड बरा. अर्ज ऑनलाइन असतो. आधी नोंदणी, मग प्रस्ताव, आणि गाईड व संस्थाप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं साक्षांकन. शिक्क्यासाठी डीन ऑफिसात शेवटच्या दिवशी रांग लागते. आठवडाभर आधी जा.

एक साधी चूक बऱ्याच चांगल्या प्रस्तावांना नडते. तपासणाऱ्याला विद्यार्थी आणि कॉलेज कळू नये म्हणून प्रस्तावात आणि अहवालात स्वतःचं, गाईडचं किंवा संस्थेचं नाव येऊ द्यायचं नसतं. तरी 'आमच्या अमुक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात' असं पद्धतीत राहून जातं. त्याऐवजी 'शहरातील तृतीय स्तरावरील रुग्णालय' लिहा. फाईलच्या नावातही कॉलेज नको.

प्राध्यापक आणि संस्थांसाठी: प्रकल्प अनुदान

परिषद वेळोवेळी प्रस्ताव मागवते. अलीकडच्या जाहिरातींत लहान अनुदान २ कोटी रुपयांपर्यंत आणि मध्यम ८ कोटींपर्यंत आहे. 'लहान' हा शब्द वाचून जिल्ह्याच्या कॉलेजातला माणूस चमकतो. चमकू नका, ही कमाल मर्यादा आहे. ३० लाखांचं नीट मांडलेलं काम दीड कोटीच्या फुगवलेल्या कामापुढे टिकतं.

मुख्य संशोधक संस्थेत नियमित नोकरीत असायला हवा. कंत्राटी असाल तर नियमित सहकाऱ्याला मुख्य करून स्वतः सह-संशोधक व्हा. खासगी संस्था आणि एनजीओंना डीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागते, आणि एनजीओला नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांकही. हे कागद नसतील तर एखाद्या सरकारी कॉलेजला सोबत घेणं सोपं पडतं. बाकी लागतं ते असं: ठरलेल्या नमुन्यातला प्रस्ताव, सगळ्या संशोधकांचे बायोडेटा, शीर्षवार अंदाजपत्रक आणि प्रत्येक आकड्याचं समर्थन, संस्थाप्रमुखांचं हमीपत्र, सहकारी संस्थांची संमतीपत्रं आणि एथिक्सची मंजुरी.

परदेशी विद्यापीठ, परदेशी पैसा किंवा नमुने बाहेर पाठवायचे असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची, परवानगी लागते. तिचं कार्यालयीन काम आयसीएमआरच पाहतं. सगळं ठरल्यावर हा कागद आठवला तर वर्ष गेलंच समजा.

क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी हवी. ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली, ती मोफत आहे. १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. नंतर सुचलं तर ती स्वीकारलीच जात नाही, आणि असा शोधनिबंध छापायला चांगली नियतकालिकं तयार होत नाहीत.

पैसे आल्यावरचं काम तुमच्या लेखा शाखेकडे. वर्षअखेरीला जमाखर्चाचं पत्रक आणि जीएफआर, म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या, १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही आणि प्रकल्पावरच्या पोरांचे पगार थकतात. पगाराच्या शीर्षातला पैसा विनापरवानगी यंत्रावर खर्चू नका. ३१ मार्च जवळ आला की हा मोह सगळ्यांना होतो.

प्रकल्पातली नोकरी

संस्थांच्या जाहिरातींत प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट आणि प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट अशी पदं दिसतात. ती तात्पुरती असतात, कायम होण्याचा हक्क देत नाहीत. उदाहरणार्थ, टेक्निकल सपोर्ट ३ साठी संबंधित विषयातली पदवी आणि ३ वर्षांचा अनुभव, किंवा पदव्युत्तर पदवी. वयोमर्यादा साधारण ३५. मुलाखतीला मूळ कागद आणि झेरॉक्सचा संच दोन्ही न्या. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवीच.

वयाची सवलत घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर दाखवून भागत नाही, आणि जात केंद्राच्या यादीत आहे का तेही पाहावं लागतं. एसईबीसी प्रमाणपत्र राज्यापुरतंच आहे. केंद्राच्या नमुन्यासाठी सेतू केंद्रात वेगळा अर्ज करा, जाहिरात येण्याआधीच.

उत्तरच आलं नाही तर

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ब) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक संस्थेने आपली रचना, कामं, अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं स्वतःहून जाहीर करायची असतात. आयसीएमआरही त्यात येते. ही माहिती वाचली की कोणता विषय कोणाकडे, हे कळतं. पत्र 'संबंधित अधिकारी' अशा हवेतल्या नावाने पाठवायची गरज राहत नाही. आधी प्रोग्रॅम ऑफिसरला अर्ज क्रमांक घालून ईमेल करा, मग स्मरणपत्र. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. "माझा प्रस्ताव का नाकारला?" असं विचारण्यापेक्षा "अमुक क्रमांकाच्या प्रस्तावावरच्या तज्ज्ञांच्या शेऱ्यांची, त्यांची नावं वगळून, प्रत द्यावी" असं मागा. कागद मागितला तर मिळण्याची शक्यता जास्त.

इथे केंद्राचे नियम चालतात. शुल्क १० रुपये, पण तहसील कार्यालयात चिकटवतो तसा कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही; पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन भरा. शब्दमर्यादा राज्यासारखी १५० नाही, ५०० आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. समाधान झालं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच संस्थेच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे. संस्था पुण्यात असली तरी राज्य आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे हे अपील चालत नाही.