ट्यूनरवर तंबोरा लावताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तंबोरा घरी पोचला की आठवड्याभरात आम्हाला हमखास एक फोन येतो. "मोबाइलवर ट्यूनर घेतलाय, चारही तारांना हिरवा दिवा लागतोय, पण तंबोरा काही बोलत नाही." वाद्यात खोट निघाली की काय, ही धास्ती त्या आवाजात असते. बहुतेक वेळा वाद्यात खोट नसते आणि ट्यूनरही बिघडलेला नसतो. बाजारातले ट्यूनर गिटार आणि कीबोर्डच्या हिशोबाने बनवलेले असतात आणि तंबोऱ्याचा हिशोब निराळा आहे, एवढीच गोष्ट असते. ती समजली की ट्यूनर फार कामाचा आहे. म्हणून मिरजेतून बाहेर पडणाऱ्या आमच्या प्रत्येक वाद्यासोबत आम्ही हे पत्रक देतो.

ट्यूनर वापरूच नका, असे आम्ही कोणाला सांगत नाही. ज्यांना गुरूंसमोर बसून तंबोरा लावायला शिकण्याची संधी मिळत नाही, जे परगावी किंवा परदेशी एकटे रियाज करतात, त्यांनी तो जरूर वापरावा. त्याचे काम कुठपर्यंत आणि कानाचे काम कुठून सुरू होते, तेवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आधी आपला सूर

तंबोऱ्याला चार तारा असतात: पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या (त्यांना जोड म्हणतात) आणि शेवटची खालच्या षड्जाची, म्हणजे खर्जाची. तंबोरा एका ठरावीक सुरासाठी बांधलेला असतो. दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर, तारांची जाडी, सगळे त्या सुराला धरून ठरते. काळी एकसाठी (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरासाठी) बांधलेला तंबोरा पांढरी दोनपर्यंत नेता येतो. त्याला काळी चारच्या जोडाला चढवू पाहिले तर तार तुटेल, आणि घोडीवर (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) व तबलीवर (भोपळ्यावरची लाकडी फळी) नको तो ताण येईल. उलट फार उतरवला तर तारा सैल पडतात आणि जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारा झणकार, फरफरते. तुमच्या वाद्याचा सूर आम्ही पावतीवर लिहून दिलेला आहे.

ट्यूनर काळी-पांढरी ओळखत नाही, तो इंग्रजी अक्षरे दाखवतो. नेहमी लागणारे सूर असे आहेत. पुढचे आकडे जोडाच्या तारांची कंपनसंख्या आहेत, दर सेकंदाला:

पांढरी एक: सी, १३०.८१
काळी एक: सी शार्प, १३८.५९
पांढरी दोन: डी, १४६.८३
पांढरी पाच: जी, १९६.००
काळी चार: जी शार्प, २०७.६५
काळी पाच: ए शार्प, २३३.०८

पहिले तीन बहुधा पुरुषांच्या गळ्याचे, पुढचे तीन बायकांच्या. खर्जाची तार जोडाच्या बरोबर निम्म्यावर येते. म्हणजे काळी एकला खर्ज ६९.३०.

हे सगळे आकडे ए ४४० या पट्टीवरचे, म्हणजे ए हा सूर दर सेकंदाला ४४० कंपनांचा धरून काढलेले आहेत. ट्यूनरच्या सेटिंगमध्ये ४४० आहे ना, हे सर्वांत आधी पाहा. घरातल्या मुलांनी हाताळताना तिथे ४३२ झालेले असते आणि मग हार्मोनियमशी तंबोरा जुळतच नाही. अशा तक्रारी आमच्याकडे बऱ्याचदा आल्या आहेत. पेटी जुनी असेल तर तीच थोडी चढी किंवा उतरी असू शकते. पेटी काही पिळून लावता येत नाही, तेव्हा तंबोऱ्यानेच तिच्याकडे जायचे. पेटीचा षड्ज ट्यूनरसमोर धरा. तो दहा सेंट चढा निघाला तर ट्यूनरची पट्टी ४४२.५ करा आणि मग तंबोरा लावा. (सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग, सप्तकात असे १२०० सेंट.) गिटारचा पर्याय निवडलेला असेल तर तो बदलून क्रोमॅटिक (बाराही सूर ओळखणारा) करा, नाहीतर ट्यूनर गिटारच्या सहा तारांपलीकडचा सूर ओळखणार नाही.

दोरा काढल्याशिवाय ट्यूनर लावू नका

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

तंबोऱ्याची तार सुटल्यावर नुसता एक सूर वाजत नाही. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी बारीक उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते, आणि त्यातून मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर, म्हणजे उपस्वर, फुलतात. तारेखाली सरकवलेला दोरा हे टेकणे नेमक्या जागी आणतो. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा तारांचा सर्वसाधारण नियम आहे. तंबोऱ्यात आणि वीणेत तेही ठणठणीत ऐकू येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला आणि त्याचे कारण घोडीच्या घडणीत असल्याचे दाखवले. आमच्या कारागिरांच्या हाताला जे पिढ्यानपिढ्या ठाऊक होते, त्यावर एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे लक्ष गेले, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

ट्यूनरची मात्र इथे फसगत होते. त्याला सर्वांत ठळक कंपन शोधायची सवय असते, आणि जवारी खुललेल्या तारेत मूळ सुरापेक्षा उपस्वर जास्त ठळक असतात. खर्ज छेडला की कधी तो सी शार्प दाखवतो, मध्येच जी शार्प म्हणतो, कधी चक्क एफ. ग्राहक घाबरून खुंटी पिळतात. पण तिप्पट कंपनांचा सूर म्हणजे पंचम आणि पाचपटीचा म्हणजे गंधार. ट्यूनर तुमच्या खर्जातला पंचम आणि गंधार वाचत असतो. तंबोरा उत्तम असल्याचेच ते लक्षण आहे, फक्त लावण्याच्या कामाला ते उपयोगाचे नाही.

म्हणून आधी चारही दोरे मण्यांच्या (घोडीमागे तारांत ओवलेल्या, सूर बारीक जुळवायच्या मण्यांच्या) बाजूला ओढून तारेखालून मोकळे करा. झणकार बसेल, आवाज कोरडा होईल, आणि ट्यूनरचा काटा एका जागी राहील.

तार कशी छेडायची तेही महत्त्वाचे. बोटाच्या पेराने, हलकेच, दांडीच्या मधल्या भागावर. जोरात ओढली तर पहिल्या क्षणी सूर चढा निघतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. काटा लगेच वाचू नका, छेडल्यावर सेकंदभर थांबा. बाकीच्या तीन तारांवर दुसऱ्या हाताचा तळवा हलका टेकवून ठेवा, नाहीतर त्याही आपोआप गुंजतात. फोन भोपळ्यापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि पंखा बंद करा. वर्गात चार तंबोरे एकदम लागत असतील तर चिमट्याचा ट्यूनर घ्या. तो हवेतला आवाज न ऐकता लाकडातली थरथर ओळखतो. चिमटा खुंट्यांजवळ दांडीच्या टोकाला लावा. तबलीच्या कडेला कधीही लावू नका, पॉलिश निघते.

खुंटी, मणी आणि क्रम

सगळे मणी आधी घोडी आणि तार बांधलेली जागा यांच्या मधोमध आणा, म्हणजे दोन्हीकडे सरकायला वाव राहतो. खुंटीने सूर जवळपास आणायचा आणि उरलेले मण्याने. मणी घोडीकडे सरकला की सूर उतरतो, घोडीपासून लांब गेला की चढतो. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवा. सूर नेहमी खालून वर आणा. चढा झाला असेल तर थोडा जास्त उतरवून पुन्हा वर या, नाहीतर तार अटीत आणि तारगहनात (दांडीच्या वरच्या टोकाला तारा ज्यांवरून आणि ज्यांतून जातात त्या पट्ट्यांत) अडकून राहते आणि पाच मिनिटांनी अचानक सुटून उतरते. नवी तार लावली असेल तर ती बोटाने दोन-तीनदा हलकी उचलून ताणून घ्या आणि पहिले काही दिवस ती उतरतच राहणार, हे गृहीत धरा.

क्रम आमच्या मते असा असावा: जोडाची एक तार, मग दुसरी, मग खर्ज, शेवटी पंचम. काही जण पंचमापासून सुरू करतात. पण पंचम ज्याच्याशी जुळवायचा तो षड्जच आधी पक्का नसेल, तर सगळे काम दोनदा करावे लागते.

जोडाची पहिली तार ट्यूनरवर लावा आणि दुसऱ्या तारेला ट्यूनर फक्त जवळ येण्यापुरता वापरा. चांगला ट्यूनरसुद्धा एखाद्या सेंटची चूक करतो, आणि एक तार एक सेंट खाली, दुसरी एक सेंट वर असली तरी दोन्हींना हिरवाच दिवा लागतो. काळी एकच्या जोडात दोन सेंटचा फरक म्हणजे साधारण सहा सेकंदांना एक हेलकावा. तो पटकन कळत नाही. पण त्याच तारांच्या पाचव्या उपस्वरात तो फरक पाचपट होतो आणि सेकंद-सव्वा सेकंदाला एक हेलकावा ऐकू येऊ लागतो. जवारी नेमके तेच उपस्वर पुढे आणते. गिटारवर जी चूक खपून जाते, ती तंबोरा उघडी करतो. दोन्ही तारा एकापाठोपाठ छेडा आणि आवाजात वाँव-वाँव असा हेलकावा येतो का ते ऐका. मणी केसभर सरकवा. हेलकावा लांबत जाईल आणि शेवटी विरून जाईल. दोन तारांची एकच तार झाल्यासारखे वाटले की जोड लागला.

पंचम हिरव्या खुणेच्या किंचित वर

ट्यूनरमध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे कोणत्याही पट्टीवरून वाजवणे सोयीचे होते, पण षड्ज सोडला तर एकही सूर निसर्गतः जिथे असतो तिथे येत नाही. पंचम षड्जाच्या दीडपट असतो. ट्यूनरचा पंचम त्याहून दोन सेंट कमी असतो. काळी एकच्या तंबोऱ्यात ट्यूनर १०३.८३ ला हिरवा होतो आणि खरा पंचम आहे १०३.९४. फरक क्षुल्लक वाटतो. पण पंचमाचा दुसरा आणि खर्जाचा तिसरा उपस्वर एकाच जागी यायला हवेत, आणि एवढ्या फरकानेही त्यांच्यात चार सेकंदांना एक हेलकावा येतो. म्हणून काटा मध्यावर आणा, मग मणी घोडीपासून अगदी थोडा दूर सरकवून तो दोन सेंट उजवीकडे न्या, आणि पुढे खर्जासोबत छेडून कानाने ठरवा.

मालकंसासाठी पहिली तार मध्यमावर लावाल तेव्हा हेच उलटे होईल: मध्यम ट्यूनरच्या खुणेपेक्षा दोन सेंट खाली. मारवा किंवा पूरियासाठी निषादावर लावताना तर फरक बराच मोठा आहे, साधारण बारा सेंट खाली. इथे हिरव्या दिव्यावर थांबलात तर निषाद कर्कश लागेल. अर्थात निषाद नेमका कुठे हवा हे राग आणि तुमची तालीम ठरवते. तिथे आम्ही गुरूंच्या शब्दापुढे जाणार नाही.

गंधार ट्यूनरवर शोधू नका

दोरे परत तारेखाली घ्या. एकेक दोरा घोडीच्या माथ्यावर अगदी सावकाश पुढे-मागे करा. एका जागी आवाज अचानक उघडतो, भोपळा भरल्यासारखा वाटतो. चारही तारांचा झणकार सारखा हवा. एक तार गोल आणि शेजारची तीक्ष्ण असे नको. दोरा आल्यावर सूर किंचित हलला असेल, तो आता कानानेच मण्यावर दुरुस्त करा.

मग डोळे मिटून संथ लयीत छेडत राहा. सगळे जुळले असेल तर कोणत्याही तारेवर न लावलेला एक सूर वर तरंगू लागतो. तो स्वयंभू गंधार, खर्जाच्या पाचपटीचा. काळी एकच्या तंबोऱ्यात तो ३४६.५ वर असतो आणि ट्यूनरचा गंधार ३४९.२ वर. जवळजवळ चौदा सेंटचा फरक. या गंधारासमोर ट्यूनर धरलात तर तो बेसूर असल्याचे सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नका. पेटीवर गाण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याला हा गंधार पहिल्यांदा उतरलेला वाटतो. काही दिवस नुसते ऐकत बसा, मग पेटीचाच गंधार टोचू लागेल. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले, इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. सुराचा असा ध्यास घेतलेल्या गवयांसाठी वाद्ये बनवत हे गाव मोठे झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हाला त्या सगळ्यांची आठवण झाली.

पाऊस, ऊन, प्रवास

पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात. जोर करून पिळू नका, दांडीला चीर जाते. वाद्य एक-दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. उन्हाळ्यात आणि वातानुकूलित खोलीत त्या सैल होऊन घसरतात. खुंटी बाहेर काढून तिला साधा खडू चोळा. तेल, डिंक, पावडर काही लावू नका. गाडीत किंवा विमानात पाठवताना तारा दोन-तीन सुरांनी उतरवा, पण पूर्ण सैल सोडू नका, घोडी जागची हलू शकते. बैठकीच्या खोलीत तंबोरा अर्धा तास आधी नेऊन ठेवा, मगच लावायला घ्या.

वर्षा-दोन वर्षांच्या रोजच्या रियाजानंतर तारांनी घोडीवर चर पडतात. दोरा कुठेही नेला तरी झणकार उघडत नाही, तेव्हा जवारी काढून घ्यावी लागते, म्हणजे घोडीचा माथा पुन्हा घासून नीट करावा लागतो. ते काम घरी कानसीने करू नका, चार-दोन घासांत घोडी वाया जाते.

एवढे करूनही मनासारखे लागत नसेल तर फोनवर आवाज मुद्रित करून पाठवा: आधी दोरे काढून चारही तारा एकेक, प्रत्येक पाच-सहा सेकंद, मग दोरे घालून तशाच, आणि शेवटी मिनिटभर सलग छेड. सोबत घोडीचा बाजूने काढलेला फोटो आणि पावतीवरचा सूर कळवा. दोष खुंटीत आहे, तारेत आहे की जवारीत, हे त्यावरून आम्हाला बहुधा कळते, आणि वाद्य इकडे पाठवण्याची गरज आहे का, ते सांगता येते.