तुमच्या फाइलमधले लाल आकडे

आमची आफ्टर इफेक्ट्सची (हलती ग्राफिक्स बनवायच्या सॉफ्टवेअरची) टेम्प्लेट फाइल उघडलीत की काही आकडे निळ्याऐवजी लाल दिसतील. ती चूक नव्हे. तिथे एक्स्प्रेशन आहे, म्हणजे दर फ्रेमला वेळेवरून आकडा काढणारं छोटं सूत्र.

लोगोच्या रोटेशनवर ‘टाइम * 360’ लिहिलंय असं समजा. ‘टाइम’ म्हणजे कॉम्पोझिशनच्या (ज्यात सगळे लेअर मांडलेले असतात त्या दृश्याच्या) सुरुवातीपासूनचे सेकंद. सेकंदाला 25 फ्रेम असतील, तर 0.4 सेकंदाला, म्हणजे 10 फ्रेम सरकल्यावर, लोगो 144 अंशांवर असतो. त्यासाठी आधीच्या फ्रेम बघाव्या लागत नाहीत. टाइमलाइनवर कुठेही उडी मारा, उत्तर तेच. 25 च्या जागी 30 फ्रेम केल्या तरी फेरी सेकंदाला एकच.

सगळ्यात जास्त फोन येतात ते यावरून: ‘लेअर पुढे सरकवला, अ‍ॅनिमेशन मात्र तिथेच राहिलं!’ कारण हे घड्याळ कॉम्पोझिशनचं आहे, लेअरचं नव्हे. म्हणून आम्ही सूत्रात ‘टाइम’मधून ‘इनपॉइंट’, म्हणजे लेअर सुरू होतो ती वेळ, वजा करतो. मग लेअर न्याल तिथे हालचाल सोबत येते. फक्त लेअर सुरुवातीकडून कापलात, तर हालचालही कापल्या जागेपासून नव्याने सुरू होईल.

वाढत जाणाऱ्या आकड्यासाठी ‘लिनिअर’ वापरतो, ते आकडा एकसारख्या वेगाने नेतं. दोन सेकंदांत 0 ते 1,25,000 जायचं असेल, तर पहिल्या सेकंदाला 62,500 दिसतात. देवनागरी अंक आणि लाखाचे स्वल्पविराम सॉफ्टवेअर आपणहून देत नाही, त्या ओळी आम्ही वेगळ्या लिहितो (आणि खरा वेळ तिथेच जातो). शेवटचा आकडा ‘कंट्रोल’ लेअरवरच्या स्लायडरमध्ये बदला. स्लायडर 10 लाखांपुढे जात नाही; कोटींचा हिशोब असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

कॅमेऱ्याची थरथर ‘विगल(2, 15)’ने येते: सेकंदाला साधारण 2 वेळा, 15 पिक्सेलपर्यंत. दिसते मनमानी, पण पुन्हा रेंडर केलंत तरी तीच थरथर मिळेल.

लाल आकडा ओढून बहुतेक वेळा काहीच बदलत नाही. आकड्याच्या ओळीतल्या स्टॉपवॉचच्या चिन्हावर ऑल्ट धरून क्लिक मात्र करू नका, सूत्रच पुसलं जातं. खाली नारिंगी पट्टी आली तर बहुधा सूत्राला लागणारा लेअर डिलीट झालाय; कंट्रोल-झेड करून बघा.

सूत्रं नकोच असतील तर ‘कन्व्हर्ट एक्स्प्रेशन टू कीफ्रेम्स’ करून फाइल देऊ. त्यात दर फ्रेमला एक कीफ्रेम, म्हणजे त्या क्षणाचा पक्का नोंदवलेला आकडा, येते, आणि मग स्लायडर हलवून काही होत नाही.