डेटा सेंटरची वीज : बचतीच्या दशकापासून अणुवीज करारापर्यंत

कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणाऱ्या विजेची चर्चा नवी वाटत असली, तरी डेटा सेंटरची, म्हणजे संगणकांच्या मोठ्या केंद्रांची, भूक वीजव्यवस्थेला झेपेल का, ही शंका अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्येच तिथल्या काँग्रेसपुढे मांडली होती. २००६ मध्ये अमेरिकेतील डेटा सेंटरनी सुमारे ६१ अब्ज युनिट, म्हणजे देशातील दीड टक्का वीज वापरली होती. याच गतीने २०११ पर्यंत हा आकडा जवळपास दुप्पट होईल, असा तो इशारा होता. तसे झाले नाही. २०१० ते २०१८ या काळात जगभरातील डेटा सेंटरमधले संगणकीय काम साडेसहा पटींवर गेले, वीजवापर मात्र अवघा सहा टक्क्यांनी वाढला.

यात जादू नव्हती. कंपन्यांच्या आवारात जेमतेम कामावर दिवसरात्र चालणारे सर्व्हर बंद झाले आणि मोठ्या केंद्रांत एकाच यंत्रावर अनेकांची कामे होऊ लागली. तिथेही सर्व्हर रचलेल्या मांडण्यांच्या (रॅक) पुढे गार हवेची बोळ, मागे गरम हवेची आणि दोन्ही मिसळू नयेत म्हणून टोकांना प्लॅस्टिकचे पडदे, अशा साध्या व्यवस्थेने बरीच वीज वाचली. पण जुने सर्व्हर एकदाच बंद करता येतात.

२०१६ मध्ये गूगलच्याच मालकीच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीने गूगलच्या डेटा सेंटरमधील थंडाव्याची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे जाहीर केले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वीज वाचवणारी म्हणून पुढे आली. २०१९ मध्ये याच तंत्राने अमेरिकेतील ७०० मेगावॅट पवनचक्क्यांच्या उत्पादनाचा ३६ तास आधी अंदाज बांधला. वारा बेभरवशाचा असल्याने वीज किती मिळेल हे आदल्या दिवशी सांगता आले, तर तिला भाव चांगला मिळतो. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी एका भाषा-प्रारूपाच्या (भाषा हाताळणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या) जडणघडणीतील उत्सर्जनाची तुलना पाच मोटारींच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनाशी केली. ते टोकाचे उदाहरण होते आणि गूगलच्या संशोधकांनी पुढे तो अंदाज कित्येक पटींनी फुगल्याचे दाखवले. आकडा चुकला, प्रश्न मात्र चुकला नव्हता.

खरा फरक वीज कुठली, यात आहे. जीपीटी-३ या भाषा-प्रारूपाच्या प्रशिक्षणाला सुमारे १३ लाख युनिट लागले, फ्रान्समध्ये घडलेल्या ब्लूम या दुसऱ्या प्रारूपाला ४.३३ लाख. म्हणजे वीज एक तृतीयांश, पण त्या विजेचे कार्बन उत्सर्जन सुमारे विसावा हिस्सा, कारण फ्रान्सची वीज मुख्यतः अणुभट्ट्यांची. (नवी मुंबईच्या ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरना हा हिशेब लावताना महाराष्ट्राच्या विजेत अजूनही कोळशाचाच वाटा मोठा आहे, हे विसरून चालणार नाही.)

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, पण डेटा सेंटरची भूक त्याआधीपासूनच वाढत होती. आयर्लंडमध्ये डेटा सेंटरचा वाटा २०१५ मध्ये मोजलेल्या वीजवापराच्या पाच टक्के होता, तो २०२३ मध्ये २१ टक्क्यांवर गेला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मधील ४१५ अब्ज युनिटचा जागतिक वापर २०३० पर्यंत ९४५ अब्जांच्या घरात जाईल. २०३० पर्यंत कार्बन-ऋण होण्याचे, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन हवेतून काढून घेण्याचे, वचन दिलेल्या मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या ८३५ मेगावॅटच्या पहिल्या अणुभट्टीची वीज वीस वर्षे घेण्याचा करार केला. तिच्या शेजारच्या भट्टीत १९७९ मध्ये अपघात झाला होता. ही भट्टी मात्र २०१९ मध्ये बंद पडली ती स्वस्त नैसर्गिक वायूपुढे परवडत नव्हती म्हणून.