एसेक्सचा अर्ल: बाप की मुलगा?

इंग्लंडमधले बाप आणि मुलगा. नाव एकच, रॉबर्ट डेव्हरू. सरदारकीचा किताबही एकच, अर्ल ऑफ एसेक्स. दोघंही लढवय्ये, दोघांचंही सिंहासनाशी वाजलं, आणि कहर म्हणजे दोघंही स्पेनच्या कादिझ बंदरावर चालून गेले. तेव्हा ‘एसेक्स राजसत्तेविरुद्ध उठला’ असं कुठे वाचलंत तर आधी साल बघा. १६०१ असेल तर बाप, १६४२ असेल तर मुलगा.

बाप म्हणजे दुसरा अर्ल, राणी एलिझाबेथचा लाडका. १५९६ मध्ये कादिझ घेऊन तो लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. मग १५९९ मध्ये आयर्लंडला गेला, बंडखोर ह्यू ओनीलशी आपल्याच मनाने तह करून बसला आणि परवानगी नसताना परतला. नॉनसच राजवाड्यात सकाळी सकाळी, चिखलाने बरबटलेल्या कपड्यांनिशी तो थेट राणीच्या शयनगृहात घुसला. तिने अजून केसांचा टोपही चढवला नव्हता! पुढे गोड दारूवरच्या जकातीचा त्याचा मक्ता राणीने वाढवून दिला नाही आणि कर्जबाजारी अर्ल बिथरला. ८ फेब्रुवारी १६०१ ला मूठभर माणसं घेऊन लंडनच्या रस्त्यावर उतरला. लोकांनी नुसतं बघितलं. २५ तारखेला टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात त्याचं मुंडकं उडवलं. त्यासाठी कुऱ्हाडीचे तीन घाव घालावे लागले.

मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. जप्त झालेला किताब त्याला १६०४ मध्ये राजा जेम्सने परत दिला. त्याची कादिझ मोहीम १६२५ ची, आणि ती पार फसली: तहानलेल्या सैनिकांना दारूचे साठे सापडले, मग कसली लढाई!

खरा फरक मात्र बंडातच आहे. बापाचं बंड रुसव्यातून आलं आणि एका दिवसात आटोपलं. मुलाच्या हाती १६४२ च्या यादवीत पार्लमेंटने दिलेलं सेनापतिपद होतं. लढाई राजा चार्ल्सशी, पण कागदोपत्री काम काय, तर राजाला वाईट सल्लागारांच्या तावडीतून सोडवणं! बाप उतावळा, तर हा अति सावध. तरी १६४३ मध्ये राजाच्या वेढ्यातलं ग्लॉस्टर त्यानेच सोडवलं, हे त्याच्यावर हसणारे विसरतात. हसायला कारण मिळालं ते पुढच्या वर्षी. लॉस्टविथियलला फौज कोंडीत सापडली, तेव्हा हा मासेमारीच्या होडीतून निसटला आणि पायदळाला मागे शरण जावं लागलं. १६४५ मध्ये त्याने पद सोडलं, १६४६ मध्ये अंथरुणात मेला. वारस नसल्याने त्या घराण्यातला किताबही संपला.

वेस्टमिन्स्टर ॲबीत पार्लमेंटने त्याला थाटात निरोप दिला, तिथे त्याचा पुतळाही मांडला. सुमारे महिन्याभराने एका रात्री कुणीतरी आत शिरून त्या पुतळ्याचं डोकं फोडून गेलं.