विमानतळाजवळचे स्कायडायव्हिंग : बंदी नव्हे, बंधने

अमेरिकेत विमानतळावर पॅराशूटने उतरण्यास मनाईच आहे, हा समज वर्षानुवर्षे पसरत आला असला तरी तो चुकीचा आहे. केंद्रीय अनुदान घेतलेल्या विमानतळाला स्कायडायव्हिंग केवळ भीतीपोटी नाकारता येत नाही. ते असुरक्षित आहे का, याचा अंतिम निर्णय फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे अमेरिकेच्या नागरी हवाई वाहतुकीचे नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेचा असतो. व्यवस्थापनाची पूर्वसंमती मात्र लागतेच, आणि नियंत्रण मनोरा कार्यरत असेल तर मनोऱ्याचीही. वैमानिकाला उडीच्या किमान ५ मिनिटे आधी हवाई वाहतूक नियंत्रकाशी रेडिओवर संपर्क साधून आसपासच्या विमानांची माहिती घ्यावी लागते. ढगात उडी घेण्यास सक्त मनाई आहे, आणि मला हाच नियम सर्वांत मोलाचा वाटतो : विमानाचे दार उघडले की उडी घेणारा डोके बाहेर काढून खालचे आकाश मोकळे असल्याची स्वतः खात्री करून घेतो.