हिपॅटायटिस सी : बरा होणारा, पण वेळेत न सापडणारा आजार

यकृत सहसा तक्रार करत नाही. बराच बिघाड होईपर्यंत ते काम रेटत राहतं, आणि हिपॅटायटिस सीच्या विषाणूचं तिथेच फावतं. संसर्ग झाल्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कावीळही थोड्यांनाच होते. साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांत आपोआप जातो. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो. त्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीसेक वर्षांत सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होत जातं. यकृताचा कर्करोगही पुढे याच वाटेने येऊ शकतो.

हा विषाणू रक्तातून पसरतो. नीट निर्जंतुक न केलेल्या सुया आणि उपकरणं, न तपासलेलं रक्त, नशेसाठी एकमेकांची वापरलेली सिरिंज हे त्याचे मुख्य मार्ग. गरोदर आईकडून बाळाला तो होऊ शकतो, पण लैंगिक संबंधांतून पसरण्याचं प्रमाण कमी आहे. एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने तो होत नाही, त्यामुळे रुग्णाला घरात वेगळं पाडणं हा निव्वळ अन्याय आहे.

इजिप्तचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९५० ते १९८० च्या दशकांत तिथे एका परजीवी आजारावर इंजेक्शनांची मोठी मोहीम चालली. त्याच त्या सुया पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस सी देशभर पसरला. विषाणूची ओळखच १९८९ मध्ये पटली, तोवर हे कोणाला कळणार तरी कसं? त्याच देशाने २०१८-१९ मध्ये काही महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली आणि बाधितांना मोफत औषधं दिली.

तपासणीबद्दल मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण इथे बरेच लोक अडखळतात. पहिली चाचणी प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची असते. ती पॉझिटिव्ह आली, तर विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच कळतं. आजार आपोआप किंवा उपचारांनी बरा झाला तरी प्रतिपिंडं रक्तात राहतात. विषाणू आज शरीरात आहे का, हे दुसरी, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी आरएनए चाचणी सांगते. पहिल्या अहवालाने घाबरून किंवा कंटाळून दुसरी चाचणी टाळणारे उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत.

आणि उपचार उत्तम आहेत. हा विषाणू स्वतःची जनुकीय माहिती आपल्या पेशींच्या डीएनएमध्ये मिसळत नाही, म्हणून त्याची वाढ पूर्ण थांबवली की तो शरीरातून कायमचा जातो. सोफोसबुविरसारखी औषधं त्याच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनालाच अडवतात. अशा दोन औषधांच्या गोळ्या बहुतेकदा बारा आठवडे घेतल्या की ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातल्या पाच कोटी बाधितांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांना आपल्या आजाराची कल्पना होती.

या आजारावर लस नाही, आणि एकदा बरं झाल्यावर पुन्हा संसर्ग होऊ शकतो. ज्यांना पूर्वी न तपासलेलं रक्त चढवलं गेलं असेल, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, ज्यांनी कधीही, अगदी एकदाच, दुसऱ्याची सिरिंज वापरली असेल किंवा अस्वच्छ सुईने गोंदवून घेतलं असेल, त्यांनी तब्येत ठणठणीत असली तरी डॉक्टरांकडे ही चाचणी मागून घ्यावी.