चोर्ला घाटात हरवलेली ओढ

गोव्याहून चोर्ला घाटानं वर आलं की कणकुंबीच्या पुढंही आमची जुनी पेट्रोल गाडी सुस्तच वाटते. बेळगावातल्या उद्यमबागेजवळच्या मेस्त्रीमामांचं निदान ठरलेलं: "हवाच कमी मिळायलीय तिला. इंजिन खोलून काय करतोस?"

मामांचं म्हणणं आकड्यांत बसतं का, ते कॉम्प्युटरवर, इंजिनची नक्कल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं.

समुद्रकाठी हवेचा दाब १०१३ मिलिबार. साडेसातशे मीटरवरच्या बेळगावात सुमारे ९२५. १२०० सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. २५ अंश तापमानाला तो काठोकाठ भरला असं धरलं, तर पणजीत एका घोटात ३५५ मिलिग्रॅम हवा जाते, इथं ३२४. पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, म्हणून पेट्रोलही २४ मिलिग्रॅमऐवजी २२. एवढा हिशेब वहीतही होतो.

पण सिलिंडर काठोकाठ भरत नाही, आणि सॉफ्टवेअर लागतं ते इथं. ते क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा दांडा, एकेक अंश फिरवतं, दोन फेऱ्यांचे ७२० अंश, आणि दर पावलाला आत किती हवा आली, किती उष्णता भिंतीतून गेली, पिस्टनवर किती दाब पडला याचा जमाखर्च मांडतं. ज्वाला त्याला दिसत नाही. किती इंधन कधी जळालं हे ते बहुधा एका ठरीव एस-आकाराच्या वक्रावरून घेतं, आणि घर्षणाचा आकडा आपणच भरायचा असतो. तो डायनोवर, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, इंजिन चालवून पडताळला नसेल तर पडद्यावरचा सुबक आलेख म्हणजे थापच.

खरी गंमत नळीत आहे. वॉल्व्ह उघडला की दाबाची लाट इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या, नळीतून उलटी धावते, तोंडाशी आपटून परत येते. ४० सेंटीमीटरच्या नळीत या येरझारीला साधारण २.३ मिलिसेकंद लागतात. ३००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक जवळपास ४२ अंश फिरतो, ६००० ला ८३. लाट वॉल्व्ह मिटण्याच्या बेतात पोचली तर जाता जाता थोडी हवा आत कोंबते. चुकली तर नाही. म्हणून नळीची लांबी बदलली की ओढीचं शिखर, म्हणजे सगळ्यात जास्त ओढ ज्या आरपीएमला मिळते ती जागा, सरकतं. एकेका लांबीसाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करा, ओतकाम करा, मशिनिंग करा, मग डायनोवर चढवा, हा खर्च काय असतो ते फाउंड्रीवाल्यांना विचारा. इथं नुसता आकडा बदलायचा.

मी फक्त दाब बदलला, १०१३ चा ९२५ केला. फुल थ्रॉटलला टॉर्कची, म्हणजे ओढीची, अख्खी रेघ खाली आली, आणि हवा घटली त्याहून किंचित जास्तच, कारण घर्षण काही उंचीबरोबर कमी होत नाही. शिखर मात्र त्याच आरपीएमवर राहिलं. लाटेचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो, दाबावर नाही.

मग तापमानही इथलं टाकलं, पणजीपेक्षा सहा अंश कमी. थंड हवा दाट असते. दोनेक टक्के परत मिळाले. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग पहाटे निघत जा की!"